समोरच्या पेठेचा गोल

"दोन वर्षांत सहा परदेशी खेळाडू आणले, एकाला तरी गोल मारता आला का रं?" आमच्या तालमीचा संघ फुटबॉलची फायनल हरल्यावर कट्ट्यावर हिंदुरावअण्णा कडाडले.

"पहिला गुडघा धरून बसला. दुसऱ्याला बॉलच सापडला नाही," शेजारचा म्हणाला. "ह्यांच्यापायी घरची पोरं बाकड्यावर बसवली."

मी मान खाली घातली. निवड समितीत मीच होतो. पक्षपात केला म्हणतील, या भीतीनं मी माझ्याच मुलाचं नाव खोडलं होतं. तो समोरच्या पेठेकडून खेळायला लागला, तेव्हापासून आम्हा बापलेकांत अबोला आहे. आज त्यानंच आम्हाला गोल मारला.

"मनाला लावून घेऊ नकोस," अण्णा म्हणाले. "गोल झाल्यावर तू दोन्ही हात डोक्याला लावलेस, बघितलं मी."

ते हात मी टाळीसाठी उचलले होते.