ठकूची खुर्ची
विद्यापीठाच्या प्रदर्शनात खुर्चीभोवती लाल दोरी होती आणि पुढे पाटी, 'कृपया हात लावू नये.' ठकूला खांद्यावर टाकून तिची आई पाटीसमोर येऊन उभी राहिली. हात लावू नये म्हणे! पोरीच्या लाळेचे डाग अजून त्या गादीवरून गेले नव्हते.

सहा वर्षांच्या ठकूची मान धरत नाही. मांडीवर घेऊन भरवलं की घास भलतीकडे जातो आणि पोर काळीनिळी पडते. तिचा बाप खुर्च्यांना गाद्या बसवतो. त्यानं उरल्यासुरल्या स्पंजची आणि पट्ट्यांची ही खुर्ची केली. विद्यापीठातल्या मॅडमनी चार महिने त्याच्याशेजारी बसून तिला मानेचा आधार दिला, चाकं लावली. तेव्हापासून ठकू पोटभर जेवायला लागली. खोटं कशाला बोला, मॅडमनी जीव ओतला होता.

"मॅडम, एका दिवसासाठी नेते म्हणालात. आज तिसरा दिवस."

मॅडमचा चेहरा उतरला. "परीक्षक आलेच नाहीत हो ताई. आता येतीलच. फक्त तासभर थांबा. पहिला नंबर आला तर अशा चाळीस खुर्च्या करता येतील. तुमच्याच वस्तीत अजून अकरा मुलं आहेत."

"आहेत ना. सगळी ओळखीची आहेत माझ्या." आईनं ठकूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "पण कालपासून हिच्या पोटात चार चमचे गेलेत. सकाळी घास अडकला, तर हिच्या बाबांनी उलटी धरून पाठ बडवली. हा तास कुणाकडे मागताय मॅडम? माझ्याकडे की हिच्याकडे?"

ठकूचं डोकं खांद्यावरून घरंगळलं. डोळे मात्र खुर्चीवर होते. तिनं तोंडानं आवाज केला, जेवायच्या वेळी करते तो.

मॅडमनी दोरी सोडली. आईनं लेकीला बसवलं, पट्टे लावले, पिशवीतून डबा काढला. पहिला चमचा आत गेला. ठकूनं गिळला. आईनं दुसरा चमचा भरला.

"मॅडम, असंच चालू दे!" मॅडमचा एक विद्यार्थी कुजबुजला. "परीक्षकांसमोर जेवली तर नंबर आपलाच."

तेवढ्यात भोंग्यावर कुणाच्या तरी नावाचा पुकारा झाला. ठकू दचकली, दुसरा घास अडकला. आईनं झटकन तिला पुढे वाकवून पाठीवर थापट्या मारल्या. घास बाहेर आला. पोर थरथरत होती.

"गलक्यात नाही गिळत ती," आई म्हणाली.

मॅडम खाली बसल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं चाकांची खीळ काढली. "घरी न्या."

"आणि ती अकरा?"

मॅडम उठल्या आणि त्यांनी मोठं दार दोन्ही हातांनी उघडून धरलं. खुर्ची उंबऱ्यावरून अलगद उतरली.

परीक्षक अर्ध्या तासानं आले. रिकाम्या जागेपुढे नुसती पाटी होती. त्यांच्यातल्या वयस्कर बाईंनी यादी पाहिली, रिकामी जागा पाहिली, मग मॅडमकडे पाहिलं.

"इथं खुर्ची होती ना? कुठंय?"

"कामावर गेलीय," मॅडम म्हणाल्या.