खुर्च्यांचा विमा

“म्हणजे तुम्हाला विमा आहे,” चार नंबरच्या खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या.

“नाही,” तो म्हणाला.

“पगाराच्या चिठ्ठीवर ‘विमा कपात’ असं लिहिलंय की.”

“तो खुर्च्यांचा आहे.”

मॅडमनी चष्मा वर केला, चिठ्ठी जवळ धरली, मग लांब धरली. दोन्ही अंतरांवरून चिठ्ठी तेच सांगत होती.

“कुठल्या खुर्च्यांचा?”

“आम्ही बसतो त्या. कंत्राटदाराने ऑफिसातल्या खुर्च्यांचा विमा उतरवलाय. हप्ता बसणाऱ्यांच्या पगारातून जातो.”

“आणि बसणाऱ्यांचा विमा?”

“बसणारे बदलता येतात, असं ते म्हणाले.”

मागे बाकावर त्याची बायको उजव्या बरगडीखाली हात दाबून बसली होती. पित्ताशयात खडे होते. ऑपरेशन परवा ठरलं होतं. दवाखान्याने सांगितलं होतं की सरकारच्या स्वस्त विम्याचं कार्ड आज संध्याकाळपर्यंत आणा, नाहीतर तारीख दुसऱ्या पेशंटला जाईल. पुढची तारीख अडीच महिन्यांनी.

उत्पन्न कमी, राहणं याच राज्यात आणि दुसरा कुठलाही विमा नाही, अशा माणसाला ते कार्ड मिळायचं. तो तिन्हींत बसत होता. अडचण फक्त सिद्ध करण्याची होती. एक नंबरच्या खिडकीने दोनकडे पाठवलं. दोनने राहण्याचा पुरावा मागितला. वीजबिल घरमालकाच्या नावावर होतं, म्हणून त्याने घरमालकालाच आणून खिडकीसमोर उभं केलं. घरमालकाच्या दोन इमारती होत्या आणि कागदावर उत्पन्न शून्य. दहा मिनिटांत घरमालक स्वतःचं कार्ड घेऊन, त्याचे आभार मानून निघून गेला. तीन नंबरची खिडकी म्हणाली, तुमचं उत्पन्न इतकं कमी आहे की खरं वाटत नाही, कुठे लपवलं असेल तर आत्ताच सांगा. त्याने बराच विचार केला. लपवलेलं काही आठवेना.

आता चार नंबर.

“अहो, काय म्हणतात?” बायकोने बाकावरून विचारलं.

“खुर्च्यांवर अडलंय.”

“मग सांगा, आम्ही उभ्याने काम करतो म्हणून.”

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते रजिस्टरमध्ये बघून जिरवलं. “नियमात खुर्च्यांबद्दल काहीच नाही हो. आजारपणाचा विमा असेल तर धरायचा. गाडीचा असेल तर सोडायचा. खुर्ची कशात धरू? गाडीत धरावी तर ती चालत नाही.”

“आमच्या दोन चालतात. चाकं आहेत.”

“आता गोंधळ वाढवू नका.” त्यांनी चिठ्ठी परत सरकवली. “मदतवाहिनीला फोन लावा. ते सांगतील ते अंतिम. माझ्या हातात काय आहे? शिक्का.”

“मी लावून उपयोग नाही. मी लावला की कोणी उचलतच नाही.”

“असं कसं होईल? चांगली जाणकार माणसं बसवलीयेत तिथे. परवा मी विचारलं, जुळ्यांना कार्ड एक द्यायचं की दोन? पलीकडच्या माणसाने एका दमात सांगितलं, दोन.”

“अंदाजाने सांगितलं असेल.”

“अंदाजाने!” मॅडमना राग आला. “अभ्यास असतो त्यांचा. तुम्हा लोकांना ना, कशाची किंमतच नाही.”

त्याने चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली.

मॅडमनी स्वतःच फोन फिरवला. पलीकडे बराच वेळ रिंग वाजत राहिली. “दोनला वीस कमी आहेत. जेवत असतील बिचारे. दोनला परत लावते.”

“मला दोनला कामावर जायचंय.”

“जा की मग. यांना बसू द्या इथे. तुम्ही चारला या.”

“आणि ते नाही म्हणाले तर?”

“तर नाही,” मॅडम म्हणाल्या. त्यांनाही ते बोलून बरं वाटलं नसावं, कारण त्या उगाचच शिक्क्याचं झाकण उघडून बंद करत राहिल्या.

तो बाकापाशी आला. बायकोचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने पाण्याची बाटली तिच्या हातात दिली.

“काय ठरलं?”

“मी जातोय. त्या विचारून सांगणार आहेत.”

“कोणाला?”

“मदतवाहिनीला.”

तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“मग झालंच कल्याण,” ती म्हणाली आणि तिने भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले.

तो जिन्याकडे निघाला. तीन मजले तो एकेक पायरी गाळत चढला. वर हजेरीवर सही केली, घोटभर पाणी प्यायला, घसा खाकरून साफ केला आणि आपल्या जागेवर बसला. शेजारच्या दोन जागा रिकाम्याच होत्या; त्या माणसांना गेल्या महिन्यात बदललं होतं.

दोन वाजून एक मिनिटाने फोन वाजला. त्याने हेडफोन कानाला लावला.

“नमस्कार, आरोग्य विमा मदतवाहिनी. बोला.”

“चार नंबरच्या खिडकीतून बोलतेय,” पलीकडून मॅडम म्हणाल्या. “एकाच्या पगारातून खुर्च्यांचा विमा कापतात. त्याला कार्ड द्यायचं की नाही?”

त्याच्यासमोर नियमांची वही होती. तीत खुर्च्यांबद्दल काही नव्हतं. जुळ्यांबद्दलही नव्हतं.

“द्यायचं,” तो एका दमात म्हणाला. “आणि चारपर्यंत थांबू नका मॅडम, बाकावर बसल्यात त्यांच्याच हातात द्या.”