चित्र्या निघाला

सकाळी चित्र्या दाराला पंजे मारू लागला, तसा हैबतीनं त्याचा पट्टा घट्ट धरला. प्रयोगशाळेत घडवलेली ही कुत्री मालकाच्या भुकेचा वास आल्याशिवाय शिकारीला निघत नसत, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. यमुना वारल्यापासून चित्र्या जागचा हलला नव्हता.

शेजारच्या चंद्राबाई रोजच्यासारखी भाकरी घेऊन आल्या. "सोडा की त्याला, भावोजी."

"लोक बघतील. म्हणतील, बायको जाऊन महिना नाही झाला आणि याला भूक लागली."

"आमचे हे गेले, तेव्हा बाराव्याच्या आतच आमची कुत्री ससा घेऊन आली. मी हंबरडा फोडतेय आणि ही बया शेपूट हलवत उभी! लाजेनं मेले मी."

"मग?"

"मग काय? रडत रडत सोलला."

हैबतीनं पट्टा सोडला. चित्र्या माळाकडे धावला. दारादारांत उभी असलेली माणसं ते बघून पुन्हा आपापल्या कामाला लागली.

शिकार शिजवायची तर चूल पेटवायला हवी होती. हैबती चुलीपुढे बसला. आत यमुनेनं पेटवलेल्या शेवटच्या जाळाची राख तशीच होती. ती तो ओंजळीनं बाहेर काढू लागला.