धाकला

शहरालगतच्या सूसची गर्दी, टँकरचं पाणी आणि वाढता खर्च यांना शुभांगी पार विटली होती. कोळवणला स्वस्तात घर मिळत होतं, नवरा राजी होता. पण आईला सोडून तो निघणार नव्हता, आणि सासूबाईंचा पाय काही इथून निघत नव्हता.

त्यांचं सगळंच जगावेगळं. नवरा एकुलता एक, तरी त्या त्याला 'धाकला' म्हणायच्या. शेत बिल्डरला दिलं तेव्हा बदल्यात हा फ्लॅट मिळाला. घरात चारचाकी नसताना त्यांनी पार्किंगमधली कोपऱ्यातली जागाही हट्टानं मागून घेतली. रोज सकाळी ती झाडायच्या आणि कुणाला तिथं सायकलसुद्धा टेकवू द्यायच्या नाहीत.

आज शुभांगीचा संयम सुटला. खाली जाऊन ती सासूबाईंना म्हणाली, "आत्या, या रिकाम्या जागेत तुमचं आहे तरी काय?"

सासूबाईंनी हातातला खराटा भिंतीला टेकवला.



"धाकल्याला घिऊन तू खुशाल जा, बाई. माजी थोरली तान्ही असतानाच गेली. तिला पुरलं तो बांध हितंच व्हता."