नात्याचा रकाना

सिस्टर संगणकावर नव्या पेशंटची नोंद करत होत्या. आजोबांचं नाव, वय, रक्तदाब सगळं भरून झालं आणि गाडी अडली ती जवळच्या नातेवाइकाच्या फोन नंबरावर.

"कुणी नाही हो," आजोबा म्हणाले. "तेवढं सोडून द्या."

पण रकाना भरल्याशिवाय संगणक पुढे सरकेना, आणि बाहेर रांग खोळंबलेली. सिस्टरांनी स्वतःचाच नंबर टाकला, नात्यापुढे 'मुलगी' लिहिलं आणि छापलेला कागद आजोबांच्या हातात दिला.

रविवारी दुपारी सिस्टरांना आजोबांचा फोन आला. त्यांनी घाईघाईने विचारलं, "काय होतंय आजोबा?"

"काही नाही, बरा आहे. तो कागद आज चष्मा लावून वाचला." मग आजोबांनी विचारलं, "जेवलीस का?"