किटलीतला भात

“ह्यावर कुणाचा इस्वास बसायचा न्हाय,” बसलिंगाप्पा म्हणाले, तशी हंबीररावांनी सतरंजीवर मांडी घट्ट केली.

बसलिंगाप्पांची थाप जो तोंडावर पकडेल त्याला त्यांच्याकडून मिसळ, असा गल्लीचा जुना करार. हंबीररावांना ती मिसळ अजून लाभली नव्हती. पण आज घबाड हाती आलं होतं. बसलिंगाप्पांच्या युरोपच्या सहलीचे फोटो! सगळी टूर बर्फात लोळतेय आणि हुपरीच्या पैंजणांचा हा व्यापारी त्यात कुठंच नाही.

“एवढ्या लांब जाऊन बर्फाला हात लावला न्हाईसा?” हंबीररावांनी फोटो पुढं सरकवले.

“मी म्हटलं हुतं,” बसलिंगाप्पांची थोरली बहीण, आक्का, कोपऱ्यातनं कडाडली. “दानम्माला नेऊ नगंस. पडंल आजारी, घालवंल तुझी ट्रिप.”

चहा घेऊन येणारी बसलिंगाप्पांची बायको, दानम्मा, दारातच थबकली.

“ती कशाला पडतीय? मी पडलो की!” बसलिंगाप्पा उसळले. “डोंगराच्या पायथ्याला हाटेल. ताप असा चढला, थर्मामीटर हातात फुटला. ह्यो बघा डाग. वारं यावं म्हणून खिडकी उघडली, तर समोरचा बर्फ लागला वितळाय! खाली गावात पाणी. सरपंच हात जोडत वर आला. पावणं, खिडकी लावा, आमचा धंदा बुडाला!”

“तिथला सरपंच मराठी बोलतोय व्हय?”

“हात जोडल्यालं कुठल्या भाषेत असतंय, हंबीरराव?”

ही पण संधी गेली. हंबीररावांनी दुसरीकडनं धरलं.

“मग उतरला कशानं ताप?”

“मऊभातानं. घरचं तांदूळ, हाटेलातली चहाची विजेची किटली. सोपं न्हाय ते. फेस आला की बटन बंद करायचं, बसला की परत चालू. चमचा फिरवत ऱ्हायाचं, न्हायतर बुडाला लागतंय. अन् वाफंकडनं हात घातला की मेलाच.”

हंबीररावांनी कान टवकारले. पाण्याचा तांब्यासुद्धा हातानं न भरणारा माणूस, त्यात तापानं फणफणलेला. त्याला भाताचं एवढं कुठनं ठाऊक? त्यांनी तोंड उघडलं. पण त्याआधी बशी वाजली.

दानम्मानं चहा आक्कांच्या पुढ्यात ठेवला होता.

“खोटं हाय ते, आक्का. ताप मला आलता. सगळी टूर बर्फात, आन् हे खोलीत किटलीम्होरं हात भाजून घेत बसल्यालं.” मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, “मिसळ माझी.”