हलकी गाडी

“बाई, कचरा कुठे लपवलाय ते सरळ सांगून टाका,” निरीक्षक म्हणाले.

त्यांच्या एका हातात वजनकाट्यावरच्या पावत्या होत्या, दुसऱ्या हातात कोपऱ्यावरून घेतलेला चहाचा कागदी कप. आजूबाजूच्या गल्ल्यांच्या कचरागाड्या ओसंडून वाहायच्या. या गल्लीचा कचरा गोळा करणाऱ्या हिची गाडी मात्र दर महिन्याला आणखी हलकी. ऑफिसच्या लेखी वजन म्हणजे काम, आणि ज्याची गाडी हलकी तो कामचुकार. आज कुठे टाकून दिलेला ढीग सापडला की ही गल्ली तिच्या हातून जाणार होती. तसा कागद साहेबांच्या खिशात तयारच होता, फक्त सही राहिली होती.

तिला हसावं की रडावं कळेना. असलेला कचरा कुणीही दाखवील. नसलेला कसा दाखवायचा?

गल्लीत तिला ‘परतबाई’ म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला नीट ऐकू जाईल अशा बेताने. सुक्या कचऱ्यात खरकटी पिशवी किंवा तेलकट डबी दिसली की ती सगळी बादली उंबऱ्यातच परत ठेवायची. “धुऊन द्या,” एवढंच म्हणायची आणि पुढे चालू लागायची. भांडायला तिला वेळ नसे. तिची धाकटी जाऊ तिकडे कचरा डेपोच्या शेडमध्ये दिवसभर हाच कचरा हाताने निवडायची. आंबलेल्या दुधाच्या पिशव्यांचा वास तिच्या बोटांना असा चिकटायचा, की संध्याकाळी पहिला घास तोंडाशी नेताच ती ताट बाजूला सरकवायची. ते एकदा पाहिलं आणि हिने मनाशी ठरवलं, माझ्या गल्लीतून घाण जाणार नाही. मग कुणी काही म्हणो.

लोकांनी म्हणायचं ते म्हटलंच. पाच वर्षांत सात तक्रारी गेल्या, आणि सातही अर्जांवर पहिली सही टेलरकाकांची. त्यांचा आवाज असा, की शिलाई मशीन बंद असलं तरी दुकान चालू असल्याचं अख्ख्या गल्लीला कळायचं.

निरीक्षकांनी झाडाझडती सुरू केली. जिन्याखाली वाकून पाहिलं, केसांना जळमटं लागली. भिंतीपलीकडे डोकावले, गटारावरची फरशी उचलायला लावली. गच्चीवर गेले, तिथे कुंड्या निघाल्या. एका बाल्कनीत मुलांच्या कपड्यांच्या रांगेत एक प्लॅस्टिकची पिशवी चिमटा लावून ऐटीत वाळत होती. ढीग काही सापडेना. साहेबांचा चहा निवत चालला आणि पारा चढत चालला.

“गल्लीत साठ घरं आहेत,” ते कडाडले. “साठ घरांचा कचरा काय हवेत विरला?”

तेवढ्यात टेलरकाका गळ्यातली टेप सावरत दुकानाबाहेर आले. झालं! आगीत तेल ओतायला एवढेच राहिले होते.

“साहेब, उगाच शोधताय,” काका म्हणाले. “तो कचरा आता घरात येतच नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे आम्ही काही साधुसंत झालेलो नाही हो. ही बाई एकेक पिशवी धुवायला लावते. थंडीत बोटं गारठायची आमची! शेवटी धुवायचा कंटाळा आला, म्हणून आणायचंच सोडलं. दूध किटलीतून येतं. किराण्याला जो तो आपले डबे घेऊन जातो. मी पोतंभर चिंध्या फेकायचो, आता त्यांच्याच पिशव्या शिवतो आणि गल्ली त्या वापरते. हिच्याविरुद्ध सात वेळा पहिली सही मी केली. आता हिच्या बाजूने करायची असेल, तर पहिली माझीच घ्या.”

वर खिडक्या उघडल्या होत्या. “दुसरी माझी!” कुणी तरी ओरडलं. “परतबाईला हात लावायचा नाही!” दुसऱ्या मजल्यावरून आवाज आला, आणि नाव तोंडावर घेतलं गेलं हे लक्षात येऊन सगळी गल्ली हसली. ती मात्र हसली नाही. तेच नाव आज तिला पदवीसारखं वाटलं. हातमोजे घातलेले होते म्हणून तिने बाहीने डोळे पुसले. तिची छाती अभिमानाने भरून आली होती आणि ते लपवावं असं तिला मुळीच वाटत नव्हतं.

निरीक्षकांनी खिशातला कागद काढला. फाडायला घेतला, तशा साठ घरांच्या नजरा त्यांच्या हातांवर खिळल्या. हात थांबले. त्यांनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं, ‘गल्ली याच बाईंकडे राहावी. गाडी हलकी आहे, कारण काम चोख आहे.’ खाली सही केली.

मग हातातला कप त्यांनी सवयीने तिच्या गाडीत टाकला.

तिने तो उचलला. तळाशी अर्धा घोट चहा आणि साखर होती. समोर साहेब होते आणि कागदावरची शाई अजून ओली होती. गप्प बसण्यातच शहाणपण होतं. पण पाच वर्षांची सवय. हात आपसूक पुढे झाला.

“धुऊन द्या, साहेब.”

साहेब कपाकडे पाहत राहिले, मग तिच्याकडे, आणि त्यांनी कप परत घेतला.

“चला, नळ इकडे आहे,” टेलरकाका त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. “आमचीही सुरुवात अशीच झाली होती.”